खेळ-सहायक, जागा दोन

यादी लागल्याचं मला सगळ्यात शेवटी कळलं आणि याचा मला अजूनही राग आहे. आमची शिवणखोली तळघरात. वरच्या पाच मजल्यांवर काहीही घडलं तरी ती बातमी आधी लिफ्टमध्ये फिरते, मग धुलाई विभागात चघळली जाते आणि पार चोथा झाला की आमच्या दारात येते. त्या सोमवारी धुलाईवाली ट्रॉली ढकलत आली आणि म्हणाली, "तुम्ही दोघं इथे काय बसलात? वर झुंबड उडालीय. नव्या इमारतीच्या जागा निघाल्यात."

मी पायडलवरून पाय काढला. मास्तरांनी काढला नाही.

मास्तर म्हणजे आमच्या मुलांच्या रुग्णालयाचे शिंपी आणि मी त्यांच्या हाताखाली एकोणीस वर्षं. मुलांचे गाऊन, चादरी, काचेच्या पेटीत ठेवलेल्या इवल्याशा बाळांची दुपटी, सगळं आम्ही शिवायचं आणि फाटलं की आम्हीच सांधायचं. या महिनाअखेर शिवणखोली बंद होणार होती. पुढे तयार गाऊन बाहेरून येणार. त्याच दिवशी मास्तर निवृत्त होणार होते आणि माझ्या हातात एक पत्र होतं: रुग्णालयातल्याच दुसऱ्या एखाद्या जागेवर निवड झाली तर ठीक, नाही तर कामावरून मुक्त. मुक्त म्हणे. जसं काही मी पिंजऱ्यात होते.

मी जिन्याने वर धावले. फलकासमोर अख्खं रुग्णालय उभं होतं. रक्त घेणारे तंत्रज्ञ हवे होते, दूधखोलीत बाटल्या भरायला माणसं हवी होती, वॉर्डातल्या शाळेत अर्धवेळ शिक्षक, रुग्णवाहिकेला चालक, प्लास्टरखोलीत मदतनीस. कँटीनचा आचारी प्लास्टरच्या जागेवर बोट ठेवून सांगत होता की पंधरा वर्षं पीठ मळलंय, हे पण मळीन. एक आया त्याला म्हणाली, "मळशील रे, पण नंतर तव्यावर टाकू नकोस." हशा पिकला. सगळ्यांचे चेहरे शाळेचा निकाल लागावा तसे झाले होते, ज्यांना कुठलीच जागा नको होती त्यांचेसुद्धा.

खालून तिसऱ्या ओळीवर माझी नजर अडकली. खेळ-सहायक, जागा दोन. काम: तपासणी किंवा शस्त्रक्रियेआधी मुलांची तयारी करून घेणे. शालेय शिक्षण पूर्ण, आणि संबंधित पदवी किंवा रुग्णालयात दहा वर्षांचा अनुभव.

एकोणीस वर्षांत मी हजारो गाऊन शिवले, पण ते घातलेलं एक पोर मी नीट पाहिलं नव्हतं. मला मुलं कळायची ती परत आलेल्या कपड्यांवरून. चावून चोथा केलेली नाडी, खिशात विसरलेला खडू, बाहीला पुसलेलं नाक. पिवळ्या नाडीचा गाऊन दोन ते चार वर्षांचा, हिरव्या नाडीचा पाच ते सातचा. एवढीच आमची ओळख. आता कुणीतरी कागदावर लिहून विचारत होतं, मुलांपाशी येऊन बसणार का? मी त्याच पावली अर्ज मागितला.

अर्ज द्यायला बसले होते ते आस्थापना विभागाचे साहेब. त्यांना सगळे 'कळवूसाहेब' म्हणतात, कारण पगार कधी होणार इथपासून पंखा कधी दुरुस्त होणार इथपर्यंत त्यांचं उत्तर एकच असतं.

"शिवणखोलीतून खेळ-सहायक?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"दहा वर्षांचा अनुभव मागितलाय. माझ्याकडे एकोणीस वर्षांचा आहे."

"कळवू," ते म्हणाले.

मास्तरांना सांगितलं तेव्हा ते दोरा ओवत होते. "तू पोरांशी खेळणार? परवा मशीन अडकलं तर त्याला काय काय बोललीस आठवतं?"

"मशीनशी बोलते तशी पोरांशी नाही बोलणार."

"तुझ्या नाकावर राग असतो. पोरं आधी नाकाकडेच बघतात." एवढं बोलून त्यांनी पाठ फिरवली. मला चांगलंच झोंबलं ते. मास्तरांनी मला काज घालायला शिकवलं, कात्री धरायला शिकवली. दोन शब्द चांगले बोलले असते तर त्यांची जीभ काही झडली नसती.

घरी मात्र नुसता धुमाकूळ. लेकीने ठरवलं की आईची तालीम घ्यायची. एमआरआयचं बोगदा-मशीन म्हणून जेवणाचं टेबल, वर चादर, आणि आत घाबरलेलं मूल म्हणून आमचे हे. मी त्यांना वीस मिनिटं न हलता पडून राहायला तयार करायचं होतं. मी समजावायला सुरुवात केली आणि तिसऱ्या मिनिटाला टेबलाखालून घोरणं ऐकू आलं. लेक म्हणाली, "आई, तू पास."

मुलाखत गुरुवारी. सकाळी मास्तरांनी बारा गाऊन पुढ्यात टाकले, म्हणाले तातडीचे आहेत. मी दात-ओठ खात ते उरकले. मग घड्याळ, अंगठी, कानातलं, केसातला चाप सगळं काढून डब्यात ठेवलं. सूचनापत्रात लिहिलं होतं, एमआरआयच्या खोलीत मोठं लोहचुंबक असतं, त्यामुळे उमेदवाराने अंगावर धातूचं काहीही ठेवू नये.

"सगळं काढलंस?" मास्तरांनी विचारलं.

"सगळं."

"जा मग. तोंड सांभाळ."

चौथ्या मजल्यावर आम्ही नऊजण बसलो होतो. माझ्या शेजारी एक पदवीवाली होती, पंचविशीची. तिच्या पिशवीत कापडी बाहुल्या होत्या, हातात घालून बोलवायच्या. ती माझ्याशी हसून बोलली, मला पाणी दिलं, वर माझ्या पोलक्याच्या शिलाईचं कौतुक केलं. माणूस आगाऊ असला की राग धरायला बरं पडतं. हिच्यावर राग धरायला जागाच नव्हती, त्यामुळे मी जास्तच चिडले. ती आत गेली आणि पंधरा मिनिटांनी आतून एका छोट्या मुलाचं खिदळणं ऐकू आलं.

परीक्षा अशी होती. त्या दिवशी तपासणीला आलेल्या एकेका मुलाला, आईवडिलांना विचारून, एकेका उमेदवारापुढे बसवायचं. वेळ वीस मिनिटं. खाऊचं आमिष नाही, जबरदस्ती नाही, आणि सगळ्यात मोठा नियम, मुलाशी खोटं बोलायचं नाही. शेवटी मुलाने आपल्या पायांनी पिवळ्या पट्ट्यापर्यंत चालत जायचं. पट्ट्यापलीकडे मशीन. मूल आत शांत पडलं तर ठीक, नाही तर त्याला भूल द्यावी लागते, आणि भूल कुठल्या आईला हवी असते?

माझं नाव पुकारलं. टेबलामागे मेट्रनबाई, कळवूसाहेब आणि एमआरआयचा तंत्रज्ञ, एक उंच, हळू बोलणारा मुलगा. कोपऱ्यात एक थकलेली आई. आणि तिच्या खुर्चीखाली, अंगाभोवती स्वतःचा कोट गच्च गुंडाळून, एक सहा-सात वर्षांची मुलगी. गुडघा सुजलेला. मी नजरेनेच माप घेतलं: हिरवी नाडी.

"सकाळपासून हेच चाललंय," आई म्हणाली. "गाऊन घालतच नाहीये."

मी जमिनीवर फतकल मारली. बाहुल्या नव्हत्या, काही नव्हतं. जे सुचलं ते विचारलं. "का नाही घालायचा?"

"मागून उघडा आहे."

"हो, आहे खरा. मीच शिवलाय तो."

तिने मान बाहेर काढली आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू शिवलास? मग मागे कापड संपलं का?"

मेट्रनबाईंनी रुमाल तोंडाला लावला. मी म्हटलं, "संपलं नाही. खूप आजारी मूल झोपलेलं असतं ना, त्याला न उठवता घालता यावा म्हणून तो मागून उघडा ठेवतात. पण तू काही झोपलेली नाहीस."

"नाही."

"मग तुझ्यासाठी हा उघडा ठेवून काय फायदा? असं करू, दोन घालू. एक पुढून, एक मागून, कोटासारखा."

ती विचारात पडली. मग कोट निघाला, एक गाऊन चढला, त्यावर उलटा दुसरा. नाड्या मी पुढे बांधल्या. तिने मागे हात लावून खात्री केली, एकदा आईला दाखवलं, एकदा कळवूसाहेबांना दाखवलं. माझ्या अंगावर काटा आला. माझ्या हातचा गाऊन घालून एक पोर माझ्यासमोर गिरकी घेत होतं. एकोणीस वर्षं मी तळघरात काय करत बसले होते, कोण जाणे.

मग आवाज. तंत्रज्ञाने मशीनच्या आवाजाची फीत लावली. ठकठक, घरघर, मध्येच भोंगा. तिने कान झाकले. मी सांगितलं की माझं शिवणयंत्र जाड कापडावर चाललं की असंच बोंबलतं. "मी त्याला गप्प बसवत नाही, कारण ते काम करत असतं. मी फक्त कापड हलू देत नाही. कापड हललं की टाका वाकडा. हे मशीन तुझ्या गुडघ्याचा फोटो काढतं. गुडघा हलला की फोटो वाकडा."

"आणि मग?"

"मग पुन्हा पहिल्यापासून. मला तर फार वैताग येतो उसवून पुन्हा शिवायला."

"मला पण गृहपाठ पुन्हा लिहायला," ती म्हणाली. आमचं जमलं.

अजून सहा मिनिटं होती. आता फक्त धातू. मी म्हटलं, "आत लोखंडाचं काही न्यायचं नाही. तू तपासनीस. पट्ट्यापर्यंत जो जो येणार त्याला तू तपासायचं." तिला हे काम भलतंच आवडलं. आईच्या किल्ल्या निघाल्या, केसातले दोन आकडे निघाले. आई पहिल्यांदा हसली. मग मुलगी माझ्याकडे वळली. मी ऐटीत दोन्ही हात पसरले. मनगट पाहिलं, बोटं पाहिली, कान पाहिले, खिसे उलटे केले. मी मनातल्या मनात चौथ्या मजल्यावर खुर्ची मांडून बसलेच होते.

तिने माझ्या पोलक्याची कॉलर उचलली. "हे काय?"

तीन टाचण्या. कॉलरच्या आत, डाव्या बाजूला, एकाखाली एक. शिवताना हात टाचण्या तिथे खोचतो, मला विचारतसुद्धा नाही. सकाळच्या बारा गाऊनांपैकी कुठल्यातरी एकाच्या त्या होत्या.

घड्याळ काढलं, अंगठी काढली, आणि लोहचुंबकाच्या खोलीच्या दारात मी तीन टाचण्या घेऊन उभी. संपलं, मला वाटलं. महिनाअखेर मुक्त.

तेवढ्यात कळवूसाहेब टाळी वाजवून म्हणाले, "वा. मुद्दाम लपवून ठेवल्या होत्या ना, तिला सापडाव्यात म्हणून? फार छान कल्पना." आणि त्यांचं पेन कागदावर भराभर चालू लागलं. मेट्रनबाईंनीसुद्धा मान डोलावली.

खोटं कशाला सांगू, मला मोह झाला. काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं हसून उभी राहिले असते तरी काम झालं असतं. मी हसायला तोंड उघडलंही, पण ती मुलगी हातात टाचण्या धरून माझ्याकडे पाहत होती.

"तू खरंच मुद्दाम ठेवलेल्यास?" तिने विचारलं.

त्या घटकेला मला कळवूसाहेबांचा इतका राग आला की विचारू नका. चांगलं बोलून माणसाला असं अडकवतात का? "नाही," मी म्हटलं. "विसरले. सगळं काढलं असं वाटलं होतं मला. चुकले."

पेन थांबलं. मग कागदावर एक लांब रेघ ओढल्याचा आवाज आला. मी तिकडे पाहिलं नाही.

मुलीने टाचण्या नीट टेबलावर ठेवल्या. मग कपाळाला आठ्या घालून टेबलामागच्या तिघांकडे पाहिलं. "मोठी माणसं विसरतात," ती आईला म्हणाली, आणि लंगडत थेट मेट्रनबाईंपुढे जाऊन उभी राहिली. "तुम्ही पण येणार ना पट्ट्यापर्यंत? हात पसरा."

मेट्रनबाईंपुढे अख्खं रुग्णालय चळाचळा कापतं. त्यांनी निमूट हात पसरले. छातीवरचं घड्याळ निघालं, खिशातली कात्री निघाली, अंबाड्यातून आकडे निघू लागले ते निघतच राहिले. "अकरा," मुलीने जाहीर केलं. मग कळवूसाहेब. किल्ल्यांचा जुडगा, कमरेचा पट्टा, आणि वरच्या खिशात कागदांच्या चिमट्यांचा खजिना. पट्टा काढल्यावर त्यांना एका हाताने पँट धरून उभं राहावं लागलं. तिची आई भिंतीला टेकून हसत होती, डोळे पुसत होती. शेवटी तंत्रज्ञ. त्याला तिने दोनदा तपासलं. काही मिळालं नाही. "हा पास," ती म्हणाली, आणि तो उंच मुलगा कानापर्यंत लाल झाला.

मग ती कोणाचाही हात न धरता पट्ट्यापर्यंत चालत गेली. तिथे तंत्रज्ञाने धातू शोधणारी दांडी सगळ्यांवरून पुन्हा फिरवली आणि तिला आत नेलं. काचेपलीकडून आम्ही पाहत होतो. ठकठक सुरू झाली. बावीस मिनिटं ती मुलगी हलली नाही. मी मात्र जागच्या जागी शंभर वेळा हलले असेन. माझं काम तर गेलंच होतं, तरी मला आनंदाच्या नुसत्या उकळ्या फुटत होत्या. भूल लागली नाही. तिच्या आईने माझा हात धरला तो फोटो पुरा होईपर्यंत सोडला नाही.

चार वाजता सगळ्यांना खालच्या दालनात बोलावलं. मी जाणार नव्हते. मग म्हटलं, पदवीवालीसाठी टाळ्या तरी वाजवू, पाणी पाजलंय तिने.

कळवूसाहेबांनी यादी वाचायला घेतली आणि अशी सावकाश, की वाटावं त्यांना अक्षरागणिक पगार आहे. रक्त घेणारे तंत्रज्ञ. दूधखोली. प्लास्टरखोलीच्या जागेवर खरंच आचाऱ्याचं नाव आलं आणि आयांनी जो गलका केला तो बाहेरच्या रस्त्यावर ऐकू गेला असेल. रुग्णवाहिका. शाळा. मग, "खेळ-सहायक." पहिलं नाव पदवीवालीचं. मी टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. दुसरं नाव त्यांनी वाचलं तेव्हा मी टाळ्याच वाजवत होते. शेजारच्या धुलाईवालीने कोपराने ढोसलं, "अगं, स्वतःलाच काय टाळ्या वाजवतेस?"

मेट्रनबाई माझ्याजवळ आल्या. अंबाडा सुटलेलाच होता, केस खांद्यावर. "बाई, टाचण्यांबद्दल तुम्हाला लेखी समज मिळेल."

"हो, बाई."

"आणि नेमणुकीचं पत्र मिळेल. दोन्ही एकाच पाकिटात येतील, नीट बघून घ्या." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आज नऊ उमेदवार झाले. आठजणांनी आम्हाला धातूसकट बसू दिलं."

कळवूसाहेब पट्टा सावरत आले, वही उघडली. "एक तारखेला हजर व्हा. गणवेश लागेल. माप सांगा."

मला माप सांगता येईना. अख्ख्या रुग्णालयाची मापं मला पाठ आहेत. मेट्रनबाईंची, आयांची, पाच मजल्यांवरच्या मुलांची. माझं स्वतःचं मला कधी कोणी विचारलंच नव्हतं. उरलेल्या कापडातून अंदाजाने बेतायचं आणि घालायचं, असंच चालत आलं होतं.

"कळवते," मी म्हटलं.

तळघरात मास्तर यंत्राला तेल घालत होते. मान वर न करता म्हणाले, "तोंड सांभाळलंस?"

"नाही."

"मग गेली."

"मिळाली," मी म्हटलं. "गणवेशाचं माप मागितलंय. मला माहीत नाही."

त्यांनी तेलाचा डबा खाली ठेवला. हात फडक्याला पुसले, पुन्हा एकदा पुसले. मग गळ्यातली फीत काढून माझ्यामागे येऊन उभे राहिले. खांदा, पाठ, दंड. एकोणीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून मापं घेतली, पण या बाजूला मी कधी उभी राहिले नव्हते. बोटं किती हलकी होती त्यांची.

"हात वर कर," ते म्हणाले. "अजून वर. काखेत सैल ठेवतो. पोरं उचलावी लागतील तुला."

मी दिवसभर हसत होते, धडधडत होते, चिडत होते. आता हात वर करून उभी राहिले आणि मला रडू कोसळलं. मास्तरांनी पाहिलं नाही, किंवा पाहिलं असेल. महिनाअखेर ती खोली रिकामी झाली तेव्हा तिथून बाहेर पडलेलं शेवटचं कापड माझ्या गणवेशाचं होतं.

पण त्या संध्याकाळी मास्तरांनी फक्त फितीवरचा आकडा वाचला आणि नेहमीसारखं म्हणाले, "लिही." मापं ते घेत आले, लिहीत मी आले. माझे तर दोन्ही हात वर. मास्तर क्षणभर थांबले, मग त्यांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर लावला आणि पेन्सिल स्वतः उचलली.